वाढलेल्या बांगड्यांचे नगर

गणेशचतुर्थी जवळ आली की घरोघरी आराशीची चर्चा सुरू होते आणि कीर्तनानंतर माताभगिनी आम्हांस हटकून विचारतात : टाकाऊ वस्तूंची आरास देवापुढे चालते काय? २०१८ साली राज्य शासनाने थर्माकोलच्या सजावटीवर बंदी घातल्यापासून हा प्रश्न वाढला आहे.

भंगलेली मूर्ती पूजेस वर्ज्य आणि उष्टे नैवेद्यास वर्ज्य, हे खरेच. परंतु वापरलेली वस्तू कायमची अपवित्र झाली, असे शास्त्र म्हणत नाही. याज्ञवल्क्यस्मृतीच्या आचाराध्यायात द्रव्यशुद्धीचे स्वतंत्र प्रकरण आहे. तांबे आंबटाने आणि मातीचे भांडे पुन्हा भाजून शुद्ध होते, असे मनूनेही सांगितले आहे. (चिंचेने ताम्हन घासणाऱ्या गृहिणीस हे मनूकडून शिकावे लागले नाही, ही गोष्ट वेगळी!)

या शुद्धीचे विराट रूप पाहावयाचे तर चंडीगढला जावे. नेकचंद सैनी हे तेथील बांधकाम खात्यातील रस्ता-निरीक्षक. नवे शहर वसविताना जुनी गावे पाडली गेली. त्यांच्या ढिगाऱ्यांतील फुटक्या कपबश्या, विजेच्या दिव्यांचे चिनीमातीचे सुटे भाग, काचा आणि दगडगोटे हा गृहस्थ १९५७ पासून सुखना तलावाजवळच्या राखीव वनात सायकलवरून वाहून नेऊ लागला. सुमारे अठरा वर्षे हे काम गुपचूप चालले. जागा सरकारी, परवानगी कसलीच नाही. उघडकीस येताच पाडण्याची भाषा झाली. लोकमत मात्र त्यांच्या बाजूने उभे राहिले आणि १९७६ मध्ये ते 'रॉक गार्डन' सर्वांसाठी खुले झाले. पुढे १९८४ साली त्यांस पद्मश्री लाभली. २०१५ मध्ये ते निवर्तले.

कलापंडित अशा रचनेस मांडणशिल्प म्हणतात. ते दुरून पाहावयाचे नसते, आत शिरून अनुभवावयाचे असते. तेथील दारे मुद्दाम ठेंगणी ठेविली आहेत. वाकल्यावाचून कोणासही पुढे जाता येत नाही. गाभाऱ्याच्या दाराशी मान लवविणाऱ्या भाविकास याचे मर्म सांगावयास नको. आणि आत काय? फुटक्या बांगड्यांची वस्त्रे ल्यालेल्या स्त्रियांच्या रांगाच रांगा! आपल्याकडे बांगडी फुटली म्हणत नाहीत, वाढली म्हणतात. तेथे ती खरोखरच वाढली आहे.

तेव्हा जुन्या पैठणीचे काठ, लग्नपत्रिका, नारळाच्या करवंट्या मखरासाठी स्वच्छ करून खुशाल घ्याव्यात. आसनावर मात्र कोरे वस्त्र असावे. आणि विसर्जनाच्या दिवशी ही आरास मूर्तीबरोबर पाण्यात न सोडता उतरवून, पुसून माळ्यावर ठेवावी.