फौजेचा ट्रक शेतकऱ्याच्या दारात

आज तुम्ही ऐरोलीला आलात तर तुम्हाला उंच काचेच्या इमारती दिसतील, खाडीवरून मुलुंडकडे जाणारा पूल दिसेल आणि रस्त्यावर मोटारींची रांग दिसेल. इथे एके काळी भात पिकत होते, शेजारी मिठागरे होती आणि भरतीचे पाणी शेतात शिरू नये म्हणून माणसे रात्री कंदील घेऊन बांधावर फिरत होती, हे सांगूनही पटणार नाही. १९७० साली सिडकोची स्थापना झाली आणि नवी मुंबईसाठी आमच्यासारख्या गावांच्या जमिनी गेल्या. जमिनीच्या बदल्यात पैसे आले. जन्मात पाहिले नव्हते एवढे पैसे एकदम हातात आले म्हणजे काय होते, ते ज्याच्या घरी घडले त्यालाच ठाऊक.

आमच्या घरी त्या पैशातून एक ट्रक आला. साधासुधा नव्हे, फौजेतून काढलेला. पुढच्या चाकांनाही इंजिनाचा जोर, उंच बांधा, जाड पत्रा. वडील म्हणाले, “ऐरोलीची जमीन गेली, पण पेणकडे मामाच्या गावची खारजमीन आहे. तिकडचा पेंढा, भात, विटा, सगळे हा ओढील. चिखलाला घाबरणार नाही.” सगळ्या गावाने येऊन ट्रक पाहिला. आईने मात्र एकच प्रश्न विचारला, “गारी घेतली, पन तिचा कागुद कय हाय?”

त्या प्रश्नाचे उत्तर पुढे सांगतो. त्याआधी फौजेच्या गाड्या शेतात कशा आल्या, ते पाहू. कारण ही कल्पना काही आमच्या वडिलांच्या डोक्यातून निघालेली नव्हती.

लढाई संपली, गाड्या उरल्या

दुसरे महायुद्ध १९४५ साली संपले. त्या युद्धासाठी एकट्या जीपगाड्याच सहा लाखांवर तयार झाल्या होत्या, आणि जीएमसी कंपनीचे अडीच टनी ट्रक पाच लाखांवर. लढाई संपल्यावर एवढ्या गाड्यांचे करायचे काय? जिथे जिथे सैन्य होते तिथे तिथे त्या विकल्या गेल्या. फिलिपिन्समध्ये लोकांनी जीपला लांब टप बसवून प्रवासी गाडी केली. अमेरिकेत जीप बनवणाऱ्या विलीज कंपनीने तर लगेच शेतकऱ्यासाठी वेगळी जीप काढली आणि ती नांगर ओढते, यंत्रेही चालवते, अशी जाहिरात केली.

इंग्लंडची गोष्ट आणखी गमतीची आहे. रोव्हर कंपनीचे मॉरिस विल्क्स हे इंजिनियर आपल्या वेल्समधल्या शेतावर फौजेची एक जुनी जीप वापरत. ती मोडली तर दुसरी कुठून आणायची, या काळजीतून त्यांनी शेतकऱ्याच्या कामाची स्वतःचीच गाडी बनवायला घेतली. तीच १९४८ साली बाजारात आलेली लँड रोव्हर. त्या वेळी पोलादाची टंचाई होती, म्हणून तिचा सांगाडा सोडून वरचे अंग अॅल्युमिनियमचे केले.

जर्मनीत याच्या उलट घडले. तिथे युद्धानंतर ‘युनिमॉग’ नावाचे वाहन खास शेतीसाठी बनले. बटाट्याच्या दोन ओळींच्या मापाने त्याच्या चाकांतले अंतर ठरवले होते. पुढे तेच वाहन अनेक देशांच्या फौजांनी घेतले. म्हणजे फौजेतून शेतात आणि शेतातून फौजेत, अशी ही ये-जा आहे.

आपल्याकडे काय झाले?

आपल्या देशातही अमेरिकन सैन्य आपले सामान मागे ठेवून गेले. त्यातले सुमारे २०० ट्रॅक्टर सरकारने घेतले आणि त्यांवर केंद्रीय ट्रॅक्टर संघटना उभी केली. आपल्याकडे कुंदा आणि हरळी जसे रान खाऊन टाकतात, तसे मध्य भारतात कांस नावाच्या गवताने लाखो एकर जमीन पडीक केली होती. त्याची मुळे इतकी खोल की बैलाच्या नांगराला दाद देत नसत. ती जमीन या अवजड ट्रॅक्टरांनी खोल नांगरायला सुरुवात झाली. काम पटले, म्हणून १९४९ साली जागतिक बँकेकडून आणखी यंत्रांसाठी १ कोटी डॉलरचे कर्ज घेण्यात आले.

मुंबईत महिंद्र कंपनीने १९४७ साली विलीज जीपचा धंदा सुरू केला. युद्धात नाव कमावलेली ती गाडी हळूहळू तहसीलदाराच्या, साखर कारखान्याच्या आणि बागायतदाराच्या दारात दिसू लागली.

पुढे फौजेला लागणाऱ्या गाड्या आपल्याच देशात होऊ लागल्या. जबलपूरला १९५९ साली जर्मनीच्या ‘मान’ कंपनीच्या मदतीने ‘शक्तिमान’ ट्रक निघाला. त्यानंतर निस्सान कंपनीच्या परवान्याखाली एक टनी ट्रक आणि ‘जोंगा’ गाडी आली. १९६९ साली जबलपूरला खास वाहनांचा कारखानाच झाला. शक्तिमान आणि जोंगा यांचे उत्पादन १९९० च्या दशकात थांबले. पण फौज एक गाडी ठरावीक काळ वापरते आणि मग लिलावात काढते. त्यामुळे त्या गाड्या डोंगराळ भागात लाकूड ओढताना, खाणीवर पाणी पोचवताना पुढेही बरीच वर्षे दिसत राहिल्या.

गुण आणि दोष

आता तुम्ही विचाराल, असा ट्रक शेताला चांगला की वाईट? दोन्ही बाजू ऐका.

चारही चाकांना जोर असल्याने तो ओल्या पाणंदीतून निघतो. त्याला एक जादा गिअरपेटी असते. तिचा हलका गिअर टाकला की वेग कमी होतो आणि ओढ वाढते. पोट जमिनीपासून उंच असल्याने दगडधोंडे लागत नाहीत. काहींना पुढे विंच, म्हणजे पोलादी दोर गुंडाळणारे यंत्र असते. त्याने रुतलेली गाडी किंवा पडलेले झाड ओढता येते. पाण्याची टाकी बसवली तर टंचाईत वाडीवस्तीवर पाणी नेता येते.

पण ट्रक म्हणजे ट्रॅक्टर नव्हे, हे आधी मनावर कोरा. नांगराला ताशी चार-पाच किलोमीटरची सावकाश चाल तासन् तास लागते. ट्रक त्या चालीला बनलेला नाही, त्याचे पाणी उकळते. त्याचे वजन रानात फिरले तर जमीन दाबली जाते आणि पुढे मुळांना वाव राहत नाही. भाताच्या खाचरात तर त्याने पाऊलही टाकू नये.

दुसरा दोष तेलाचा. निस्सानचा एक टनी आणि जोंगा ही दोन्ही मूळची पेट्रोलची वाहने. फौजेला लढाईत गाडी चालू होणे महत्त्वाचे, तेलाचा हिशेब नंतर. आपला हिशेब उलटा असतो. समजा ट्रक लिटरला ४ किलोमीटर चालतो आणि बाजार २० किलोमीटरवर आहे. जाऊन येऊन ४० किलोमीटरला १० लिटर लागले. लिटरला १२ किलोमीटर चालणारा टेम्पो तेच अंतर साडेतीन लिटरच्या आत उरकतो. भाजीच्या दहा जाळ्यांसाठी फौजेचा ट्रक काढणे म्हणजे उंदरासाठी डोंगर पोखरणे.

तिसरी गोष्ट सुट्या भागांची. ज्या गाडीचे उत्पादन बंद झाले, तिचा भाग तालुक्याच्या गावी मिळत नाही. ऐन सुगीत गाडी उभी राहिली तर माल कशातून न्यायचा?

कागद कुठे आहे?

आता आमच्या ट्रकाकडे वळू. वडिलांनी तो थेट लिलावात घेतला नव्हता. लिलावात एकाने घेतला, त्याच्याकडून दुसऱ्याने, आणि त्या दुसऱ्याकडून आम्ही. फौजेच्या गाडीला बाणाची खूण असलेला फौजेचा नंबर असतो. बाहेर आली की तो नंबर संपतो आणि आरटीओकडे नव्याने नोंद करावी लागते. त्यासाठी फौजेच्या अधिकाऱ्याने दिलेला मूळ विक्रीचा दाखला लागतो. आमच्याकडे होती ती व्यापाऱ्याने वहीतल्या पानावर लिहून दिलेली पावती. वडील खेटे घालून दमले. व्यापारी आज देतो, उद्या देतो म्हणाला आणि एके दिवशी गाळा सोडून गेला.

दोन पावसाळे ट्रक अंगणात उभा होता. कोंबड्या त्याच्याखाली अंडी घालू लागल्या. येणारा-जाणारा विचारी, “काय, चालत नाही काय?” आणि वडील मान खाली घालत. शेत गेले त्याचे फारसे बोलत नसत, पण त्या पैशाचे असे झाले, हे त्यांच्या मनातून शेवटपर्यंत गेले नाही. आईने मात्र एका शब्दाने टोचले नाही. तिने ट्रकाची ताडपत्री उतरवली, धुतली आणि सुगीत मामाच्या खळ्यावर भात झाकायला नेली.

तिथूनच मार्ग निघाला. मागचा आस आणि चाके मामाने नेली आणि गावच्या सुताराकडून त्यावर बैलगाडी बांधून घेतली. ऊसवाल्या भागात टायरगाडी तुम्ही पाहिलीच असेल. लोखंडी धावेच्या गाडीपेक्षा ती किती हलकी चालते, हे बैलांनाच विचारावे! चाक मातीत रुतत नाही, हिसका बसत नाही, खांदे सोलत नाहीत. एक मात्र ध्यानात ठेवा: हलकी चालते म्हणून जादा लादू नका, आणि उतारासाठी ब्रेक बसवाच, नाहीतर सगळे ओझे जनावराच्या मानेवर येते. उरलेला ट्रक वजनावर विकला. घातलेल्या पैशातला थोडाच परत आला.

आज घ्यायचा झाला तर

आता काळ बदलला आहे. सरकारी वाहनांचे लिलाव एमएसटीसी या सरकारी कंपनीमार्फत संगणकावरून होतात. १ एप्रिल २०२३ पासून १५ वर्षांवरील सरकारी वाहनांची नोंदणी पुढे चालत नाही. ती मोडीत काढायची असतात. देशाच्या संरक्षणाच्या कामातली खास वाहने तेवढी या नियमातून वगळली आहेत. म्हणून कोणी स्वस्तातला फौजी ट्रक दाखवला तर आधी एवढे पाहा:

१. वाहन वापरण्यासाठी विकले आहे की भंगार म्हणून? भंगार म्हणून विकलेले वाहन रस्त्यावर आणता येत नाही.

२. फौजेकडून मिळालेला मूळ विक्रीचा दाखला, म्हणजे नमुना २१, आहे काय? झेरॉक्सवर विसंबू नका.

३. दाखल्यावरचे चेसिस आणि इंजिनाचे आकडे गाडीवरच्या आकड्यांशी जुळतात काय? हाताने पुसून, उजेडात वाचा.

४. इंजिन बदललेले असेल तर त्याला आरटीओची मंजुरी आहे काय? मंजुरीशिवाय असा बदल चालत नाही.

५. फौजेचा हिरवा रंग खाजगी गाडीला चालत नाही. रंग बदलण्याचा खर्च धरा. विमा, कर आणि योग्यता प्रमाणपत्र यांचाही धरा.

६. पैसे देण्याआधी कागद घेऊन स्वतः आरटीओ कचेरीत जा आणि विचारा. एक दिवस मोडेल, पण वर्षे वाचतील.

एकट्या शेतकऱ्याने असे वाहन घेण्यापेक्षा दहा-बारा घरांनी किंवा सोसायटीने मिळून घ्यावे. तेव्हा ते रोज कामाला लागेल आणि खर्च वाटला जाईल. एकट्याला ट्रॉली, ताडपत्री, आस आणि चाके यांचाच उपयोग जास्त. त्याला नोंदणीकृत भंगारवाल्याकडे पावती घेऊन खरेदी करा.

मामाची ती बैलगाडी पुष्कळ वर्षे चालली. तिच्यावर बसून आम्ही भावंडे सुट्टीत खाडीकाठी जात असू. वडीलही एकदा बसले. बराच वेळ गप्प होते, मग चाकाकडे बघून म्हणाले, “चाके खरी चांगली होती. तुझ्या आईचेच ऐकायला हवे होते.”

तुमच्या घरी जमिनीचे, पिकाचे किंवा कर्जाचे पैसे आले आणि दारात एखादी मोठी गाडी आणायचे मनात आले, तर ती गाडी पाहायला घरच्या बाईलाही घेऊन जा. इंजिनाचा आवाज तुम्ही ऐका. कागद तिला विचारू द्या.