हाताने कोरलेली लाकडी मूर्ती विकताय? डिस्काउंट देण्याआधी हा हिशोब बघा



गिफ्ट शॉप किंवा पूजा साहित्याचं दुकान असलेल्यांचा एक प्रश्न नेहमी येतो : "मॅडम, हाताने कोरलेली लाकडी मूर्ती दुकानात ठेवली, पण गिऱ्हाईक म्हणतं, अशीच ऑनलाइन दीड हजारात मिळते. काय उत्तर द्यायचं?" व्हिडिओत मी हे थोडक्यात सांगितलं होतं. इथे आकड्यांसकट बघू.

उदाहरणाला तमिळनाडूतल्या कळ्ळकुरिचीचा गणपती घेऊ. तिथल्या लाकडी कोरीवकामाला २०२१ मध्ये भौगोलिक मानांकन, म्हणजे जीआय टॅग मिळाला. पुढचे रुपये मात्र फक्त समजण्यासाठी धरलेले आहेत, तुमचे आकडे तुम्ही घाला.

१. आधी स्वतः ओळखायला शिका

मूर्ती उलटी करा, मागून बघा.

- तळ : खऱ्या लाकडाच्या रेषा आरपार जातात. रेझिनवर त्या फक्त वरून रंगवलेल्या असतात आणि कडेला बऱ्याचदा साच्याचा जोड दिसतो.
- खोबणी : साध्या सीएनसी मशीनचं पातं वरून खाली काम करतं. सोंडेच्या मागे, हाताच्या आतल्या बाजूला ते पोचत नाही. तिथपर्यंत पटाशी गेली असेल तर समजा, हाताचं काम आहे.
- जोडी : एकाच डिझाइनच्या दोन मूर्ती शेजारी ठेवा. हाताच्या कामात डोळे, कान, बोटं यांत थोडा फरक असतोच. अगदी तंतोतंत सारख्या असतील तर कारागिराला स्पष्ट विचारा.

मशीनवर कोरून हाताने फिनिशिंग केलेला माल वाईट नसतो. पण लेबलवर तसंच लिहा. एकदा का गिऱ्हाईकाला कळलं की 'हँडमेड' हा नुसता शब्द आहे, की तुमची खरी हाताची मूर्तीही त्याला महागच वाटणार.

२. किंमत कशी काढायची?

कारागिराला दिले ६,००० रुपये. पॅकिंग आणि वाहतूक ५००. झाले ६,५००.

आता अशी मूर्ती रोज विकली जात नाही. ती ९ महिने शेल्फवर बसली आणि तुमचं भांडवल वर्षाला १२ टक्क्यांचं असेल, तर व्याजच ५८५ रुपये. भाडं, लाइट, पगार यांचा वाटा १,४०० धरा. एकूण ८,४८५. विक्री किमतीवर २० टक्के नफा हवा असेल तर ८,४८५ भागिले ०.८, म्हणजे साधारण १०,६००. नफा २,११५ रुपये.

आता गिऱ्हाईक म्हणालं, "१५ टक्के कमी करा." म्हणजे १,५९० गेले. हातात राहिले ५२५! डिस्काउंट किमतीवर १५ टक्के होता, पण नफ्यातला पाऊण हिस्सा घेऊन गेला.

३. कारागिराचा भाव पाडू नका

मग काही जण म्हणतात, "खरेदीतच हजार रुपये पाडतो." थांबा. त्या ६,००० मध्ये लाकूड आणि इतर खर्च १,२०० असेल आणि काम ८ दिवसांचं असेल, तर कारागिराला दिवसाला ६०० सुटतात. तुम्ही हजार पाडले की ४७५ राहतात. तो ते कुठून भरून काढणार? लाकूड नीट वाळायला वेळ देणार नाही. ओलं लाकूड सुकताना आकसतं, मूर्तीला चीर जाते, आणि चिरलेला देव घेऊन गिऱ्हाईक तुमच्या दारात येतं. वाचवलेले हजार तिथेच जातात.

४. मग उत्तर काय द्यायचं?

डिस्काउंटऐवजी माहिती द्या. मूर्तीसोबत एक छोटं कार्ड ठेवा : लाकूड कोणतं, गाव कोणतं, काम किती दिवसांचं, मशीन वापरलं की नाही. मागे काळजी कशी घ्यायची ते : उन्हात किंवा एसीच्या थेट झोतात ठेवू नका, ओल्या फडक्याने पुसू नका, खाली बारीक भुसा पडताना दिसला तर कीड समजून लगेच कळवा. वर्षातून एकदा मोफत साफसफाई द्या. ती डिस्काउंटपेक्षा स्वस्त पडते आणि गिऱ्हाईक परत येतं.

"लाकडाचा देव चालतो का?" असंही विचारतात. सांगा, पुरीचा जगन्नाथ कडुनिंबाच्या लाकडाचा आहे, २०१५ च्या नवकलेवरात नव्या मूर्ती घडवल्या गेल्या. कांचीपुरमचे अत्ती वरदर औदुंबराचे; ४० वर्षांतून एकदा मंदिराच्या तळ्यातून बाहेर येतात, मागचं दर्शन २०१९ मध्ये झालं. घरी अभिषेक करायचा असेल तर मात्र वेगळी छोटी धातूची मूर्ती सुचवा. तुमची आणखी एक विक्री!

५. कागदपत्रं

चंदन, रक्तचंदन म्हणून कोणी माल देत असेल तर कायदेशीर कागद बघितल्याशिवाय उचलू नका. जुलै २०१८ मध्ये जीएसटी कौन्सिलने लाकडी देवमूर्ती करमुक्त केल्या, पण शोपीस आणि देवमूर्ती यांत फरक केला जातो. म्हणून बिलाआधी आजचा दर सीएला विचारा.

आजचा होमवर्क : दुकानातली सगळ्यात महाग हस्तकलेची वस्तू घ्या. ती किती महिने पडून आहे ते लिहा, वरचा हिशोब मांडा आणि १० टक्के डिस्काउंट दिला तर हातात किती राहतं ते काढा. आकडा बघितल्यावर पुढच्या घासाघिशीत तुम्ही आपोआप ठाम राहाल.