उरलेल्या अन्नासाठी काचपात्र : निवड आणि मर्यादा

नागपूरच्या दक्षिणेस, वर्धा मार्गालगत मिहानचे विस्तीर्ण क्षेत्र आहे. २००२ साली स्थापन झालेल्या महाराष्ट्र विमानतळ विकास कंपनीने हा प्रकल्प हाती घेतला. खापरी, शिवणगाव, दहेगाव, तेल्हारा, कलकुही या परिसरात, जेथे पूर्वी शेती होती, तेथे आज माहिती तंत्रज्ञानाची कार्यालये, औषधनिर्मितीचे कारखाने आणि अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेचे रुग्णालय उभे आहे. या बदलाबरोबर तेथे काम करणाऱ्यांच्या जेवणाची वेळही बदलली. रात्री शिजविलेले अन्न सकाळी डब्यात भरले जाते आणि दुपारी कार्यालयातील मायक्रोवेव्हमध्ये गरम होते. रात्रपाळीच्या कर्मचाऱ्याचे तर दुपारचे अन्न मध्यरात्री पोटात जाते. अम्लपित्त, आध्मान, ग्रहणी यांच्या तक्रारी घेऊन असा रुग्ण आला की वैद्य शिळे अन्न वर्ज्य सांगतात आणि रुग्ण विचारतो, "प्लास्टिकचा डबा सोडून काचेचा घेतला तर चालेल का?" ताम्रपात्रे विक्रीस ठेवणाऱ्या औषधालयांतही हाच प्रश्न येतो. या प्रश्नाचे उत्तर केवळ होय किंवा नाही असे देता येत नाही, म्हणून हा लेखनप्रपंच.

प्रथम शास्त्राधार पाहू. चरकसंहितेच्या विमानस्थानातील पहिल्या अध्यायात आहारविधिविशेषायतनांपैकी 'करण' याचे विवरण करताना संस्काराची जी साधने सांगितली आहेत, त्यांत कालप्रकर्ष आणि भाजन ही दोन्ही एकत्र येतात. अन्न किती काळ ठेवले आणि कशात ठेवले, या दोहोंनी त्याचे गुण पालटतात. आपल्या चर्चेत भाजनावर पुष्कळ बोलले जाते आणि कालप्रकर्ष मागे पडतो. वाग्भटांनी कांस्यपात्रात दहा दिवस राहिलेले घृत विरुद्ध मानले आहे. तेथेही पात्र आणि काळ यांची सांगड आहे. कांस्यातील तांबे स्नेहाचे ऑक्सिडीकरण वेगाने घडविते, हे आधुनिक रसायनशास्त्रासही मान्य आहे. त्याच अष्टांगहृदयात पुन्हा उष्ण केलेले अन्न त्याज्य सांगितले आहे, हे मायक्रोवेव्हच्या संदर्भात ध्यानी ठेवावे.

काचपात्राचा स्पष्ट उल्लेख सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानातील अन्नपानविधी अध्यायात मिळतो. घृत लोहपात्रात, पेया रौप्यपात्रात, फळे पानांवर, कट्वर व खड यांसारखे आंबट पदार्थ पाषाणपात्रात आणि राग, षाडव, सट्टक हे काच व स्फटिक यांच्या पात्रांत द्यावेत, असा तेथील क्रम आहे. अम्ल पदार्थाशी प्रतिक्रिया न करणारे पात्र निवडावे, हे सूत्र त्यातून सहज निघते. परंतु एक गोष्ट नजरेआड होऊ नये. हे विधान अन्न वाढण्यासंबंधी आहे, साठविण्यासंबंधी नाही. या श्लोकांचा आधार देऊन 'काचेत अन्न शिळे होत नाही' असे जे सांगितले जाते, ते ग्रंथात नाही.

काचेचा खरा गुण तिच्या उदासीनतेत आहे. चिंच, कोकम, टोमॅटो, ताक यांचा तिच्यावर व्यवहारात परिणाम होत नाही. नागपुरी सावजी रश्श्याचा तेलकट तवंग प्लास्टिकच्या डब्यात एकदा बसला की हळदीचा पिवळेपणा आणि मसाल्याचा वास जाता जात नाही. हळदीतील कर्क्युमिन स्नेहात विरघळते आणि त्या स्नेहाबरोबर प्लास्टिकमध्ये मुरते. जेथे बाहेरचे आत मुरते, तेथे आतलेही बाहेर येऊ शकते, आणि उष्णता व स्नेह यांमुळे ही देवाणघेवाण वाढते. युरोपीय संघाने दुधाच्या बाटल्यांतील बिस्फेनॉल ए २०११ साली बंद केले आणि अन्नाच्या संपर्कात येणाऱ्या इतर वस्तूंतील त्याच्या वापरावरील बंदी जानेवारी २०२५ पासून अमलात आणली. काचेच्या पृष्ठभागात असे मुरणे घडत नाही.

मात्र काच म्हणून जे विकले जाते ते सर्व एक नव्हे. औषधनिर्मात्यांना हा भेद नवा नाही. भारतीय औषधकोशात बाटल्यांच्या काचेचे जे प्रकार केले आहेत, त्यांत पहिला बोरोसिलिकेट काचेचा व तिसरा साध्या सोडालाइम काचेचा आहे. घरगुती डब्यांत मुख्यतः तीन जाती आढळतात : साधी सोडालाइम, टेम्पर्ड सोडालाइम आणि बोरोसिलिकेट. रासायनिकदृष्ट्या उरलेल्या भाजीसाठी तिन्ही निर्धोक आहेत. फरक पडतो तो उष्णतेने. एक अंश तापमान वाढले असता बोरोसिलिकेट काच दहा लाख भागांत सुमारे ३.३ भाग प्रसरण पावते, सोडालाइम काच सुमारे ९ भाग. वीस सेंटिमीटर लांबीच्या डब्याचा तळ १०० अंशांनी तापला, तर सोडालाइम काच जवळजवळ ०.१८ मिलिमीटर वाढू पाहते आणि बोरोसिलिकेट काच ०.०७ मिलिमीटरच्या आत राहते. तळ वाढला आणि काठ थंडच राहिला म्हणजे त्या ताणाने काच तडकते.

कूपीपक्व रसायने करणाऱ्या वैद्यांना हे निराळे समजावून सांगण्याची आवश्यकता नाही. रससिंदूरासाठी काचकूपीवर कापडमातीचे सात थर का द्यावयाचे, ती वालुकायंत्रात का ठेवावयाची आणि अग्नी मृदू, मध्य, तीव्र अशा क्रमाने का वाढवावयाचा, याचे एक कारण हेच आहे. रेती आणि माती उष्णतेला सावकाश व सर्व बाजूंनी पोहोचवितात. घरातील काचेच्या डब्याला हे संरक्षण नसते. जुन्या पिढीने हा अनुभव कंदिलावर घेतलेला आहे. तापलेल्या काचेवर पाण्याचा थेंब पडला की ती तडकत असे. (कंदिलाचा विषय निघालाच आहे तर सांगावेसे वाटते की, महाराष्ट्राच्या काचउद्योगाचा आरंभ स्वदेशीच्या चळवळीत आहे. अंताजी दामोदर काळे यांच्या कल्पनेतून निघालेल्या पैसा फंडाचा तळेगाव दाभाडे येथील काच कारखाना १९०८ चा. पुढे कऱ्हाडजवळच्या ओगलेवाडीचे प्रभाकर कंदील घरोघरी पोहोचले.)

बोरोसिलिकेट काच जर्मनीत ऑटो शॉट यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस सिद्ध केली. अमेरिकेत १९१५ साली पायरेक्स नावाची भांडी तिच्यापासून निघाली. परंतु त्याच नावाने अमेरिकेत आज विकली जाणारी घरगुती भांडी टेम्पर्ड सोडालाइम काचेची असतात. म्हणून केवळ नाव पाहून घेऊ नये, वेष्टनावर 'बोरोसिलिकेट' असा स्पष्ट शब्द पाहावा. बोरोसिलिकेट काच त्याच आकाराच्या साध्या काचेहून किंचित हलकी असते आणि साध्या काचेच्या कडेला बहुधा दिसणारी हिरवट झाक तिच्यात सहसा नसते. ही खूण साह्यभूत आहे, निर्णायक नव्हे.

टेम्पर्ड काच घेऊ नये असे नाही. तापवून हवेच्या झोताने झपाट्याने थंड केल्यामुळे तिचा बाह्य थर दाबाखाली राहतो व ती आदळआपट अधिक सोसते. परंतु खोल ओरखडा पडल्यास ती एकाएकी फुटून बारीक तुकड्यांचा सडा होतो. तिचा उपयोग शीतकपाटापुरता ठेवावा. शीतकपाटातून काढून तत्काळ मायक्रोवेव्हमध्ये जाणार असलेला डबा बोरोसिलिकेटचाच असावा, आणि तोही आधी काही मिनिटे बाहेर ठेवलेला बरा. जॅमच्या किंवा लोणच्याच्या रिकाम्या बाटल्यांत थंड चटणी ठेवण्यास हरकत नाही, पण कढत वरण त्यांत ओतू नये. शिसे असलेले नक्षीदार क्रिस्टल आणि आतून रंगविलेली काच अन्नासाठी, विशेषतः आंबट पदार्थांसाठी, सर्वथा टाळावी.

आता कालप्रकर्षाकडे वळू, कारण अपाय होतो तो बहुधा येथे. भातातील बॅसिलस सिरियस या जिवाणूचे बीजाणू शिजविण्याने मरत नाहीत. भात कोमट अवस्थेत पडून राहिला की ते रुजतात, वाढतात व विष निर्माण करतात. वांती घडविणारे त्याचे सेर्यूलाइड हे विष १२१ अंश उष्णताही दीड तास सोसते. असा भात कितीही वाफाळता केला तरी तो निर्विष होत नाही. डबा काचेचा होता की सोन्याचा, याने येथे काही बदलत नाही. पुन्हा उष्ण केलेले अन्न त्याज्य मानणाऱ्या आचार्यांचा हेतू आजच्या परिभाषेत मांडावयाचा तर हे उदाहरण पुरेसे बोलके आहे. मटणाच्या घट्ट रश्श्यात सावकाश निवताना क्लॉस्ट्रिडियम परफ्रिंजेन्सही वाढतो.

जागतिक आरोग्य संघटनेच्या मार्गदर्शनानुसार शिजविलेले अन्न सामान्य तापमानास दोन तासांहून अधिक ठेवू नये, शीतकपाटाचे तापमान ५ अंशांखाली असावे आणि अन्न पुन्हा तापविताना ते सर्वत्र ७० अंशांच्या वर जावे. अमेरिकेतील शासकीय सूचना ३२ अंशांवरील हवेत ही मुदत एका तासावर आणतात. नागपूरच्या मे महिन्यात पारा ४५ अंशांवर जातो, तेव्हा आपल्या रुग्णांनी एक तासच धरावा. भातासाठी ब्रिटनच्या अन्नमानक संस्थेचा सल्ला शीतकपाटातही २४ तासांचा आहे.

पात्रनिवडीचा सर्वांत उपयुक्त निकष येथूनच निघतो, आणि तो काचेच्या जातीचा नसून आकाराचा आहे. काच जाड व उष्णतेची मंद वाहक असल्याने खोल काचपात्रात भरलेला गरम भात स्टीलच्या पसरट डब्यातील भातापेक्षा उशिरा निवतो. म्हणून डबा उथळ घ्यावा, अन्नाचा थर दोन-तीन बोटांहून अधिक होऊ देऊ नये. भात परातीत पसरून वाफ गेली की मग डब्यात भरावा. दोन लिटरच्या एका डब्याऐवजी अर्ध्या लिटरचे चार डबे बरे. एका वेळी एकच डबा बाहेर निघतो, उरलेले अन्न पुन्हा पुन्हा तापत नाही.

झाकणाचा विचार बहुतेक जण करीतच नाहीत. 'काचेचा डबा' म्हणून घेतलेल्या वस्तूचे झाकण बहुधा पॉलिप्रॉपिलीनचे आणि कडी सिलिकोनची असते. रस्सा झाकणास लागेल इतका भरू नये. तापविताना झाकण काढून वर काचेची बशी ठेवावी. कडी खाचेतून निघणारी आहे ना, हे दुकानातच पाहावे. न निघणाऱ्या कडीखाली साठलेला मळ आठवड्याभरात स्वतःच्या वासाने ओळख देतो. मायक्रोवेव्हमध्ये उष्णता सारखी पोहोचत नाही, तेव्हा मध्ये एकदा ढवळणे आवश्यक आहे.

मिहानला दुचाकीवरून किंवा खापरीपर्यंत मेट्रोने जाणाऱ्याने काचेचा डबा न्यावा काय? आमच्या मते नेऊ नये. तो जड असतो, रस्त्यात फुटण्याचा धोका असतो, आणि उन्हात उभ्या गाडीच्या डिकीत पात्रभेदाने अन्न वाचत नाही. प्रवासाला स्टीलचा डबाच योग्य. काचेचा डबा घरच्या शीतकपाटात राहावा, किंवा कार्यालयात शीतकपाट असल्यास तेथे कायमचा ठेवावा. सकाळी ताजे केलेले झुणका-भाकर, कोरडी उसळ, दशम्या यांना दुपारी गरम करण्याची गरजही पडत नाही, हे रुग्णास आवर्जून सांगावे.

औषधालयचालकांनी काचेचे डबे ठेवावयाचे ठरविल्यास अर्ध्या लिटरचे उथळ, बोरोसिलिकेटचे, सुट्या कडीचे ठेवावेत, आणि 'अन्न ताजे राखणारे पात्र' असा शब्द जाहिरातीत योजू नये. सोबत चिकटपट्टीचे एक लहानसे रीळ द्यावे. शार्ङ्गधरांनी चूर्णाची मर्यादा दोन महिने सांगितली आणि आपण प्रत्येक बरणीवर सिद्धतेची तारीख घालतो. तसा भात कधी शिजला, त्याचा वार व वेळ गृहिणीने डब्यावर लिहावी.