घास आणि श्वास

जेवताना ठसका लागला की घरातील वडीलधारी माणसे "कोणीतरी आठवण काढली" म्हणतात. मीही ठसक्याचा याहून अधिक विचार कधी केला नव्हता. वडिलांना अर्धांगवायूचा झटका आला, तेव्हा घाबरून मी त्यांना आडवे असतानाच पाणी पाजले. त्यांचा श्वास कोंडला. माझी चूक डॉक्टरांनी नंतर समजावून सांगितली. तेच येथे साध्या शब्दांत मांडतो.

आपल्या घशात अन्नाची आणि हवेची वाट एकमेकींना छेदतात. पुढे श्वासनलिका, मागे अन्ननलिका. या चौकातील वाहतूक मेंदूचा देठासारखा खालचा भाग, म्हणजे मस्तिष्कस्तंभ, सांभाळतो. त्यातील लंबमज्जेत श्वासाचे व गिळण्याचे नियंत्रण करणाऱ्या चेतापेशी शेजारीशेजारी असतात.

घास चावणे आपल्या हातात आहे. पण गिळण्याची क्रिया घशात एकदा सुरू झाली की ती आपल्याला मध्येच थांबविता येत नाही. मेंदूतून निघणाऱ्या चेतातंतूंच्या 12 जोड्यांपैकी प्रामुख्याने 9 वी व 10 वी जोडी घशातील वर्दी लंबमज्जेला देते. तेथून हुकूम सुटतात. मऊ टाळू वर उचलला जाऊन नाकाची वाट बंद होते, स्वरयंत्र वर व पुढे सरकते, स्वरतंतू मिटतात आणि त्यांवरचे झाकण खाली येते. त्याच वेळी श्वास क्षणभर थांबविला जातो. हे सारे साधारण एका सेकंदात आटोपते. निरोगी प्रौढ माणूस बहुधा श्वास सोडता सोडता गिळतो आणि गिळून झाल्यावर उरलेला श्वास सोडतो. त्यामुळे घशात राहिलेला कण आत ओढला न जाता बाहेर लोटला जातो.

अर्धांगवायूत ही जुळणी बिघडू शकते. अन्नपाणी श्वासनलिकेत उतरून न्यूमोनिया होण्याचा धोका असतो. काही रुग्णांना तर ठसकाही लागत नाही, त्यामुळे घरच्यांच्या ध्यानात येत नाही.

म्हणून बेशुद्ध माणसाच्या तोंडात पाणी घालू नये. अर्धांगवायूच्या रुग्णाचे गिळणे तपासून घेतल्याशिवाय त्याला काहीही भरवू नये. डॉक्टरांनी परवानगी दिल्यावर ताठ बसवून, लहान घास, सावकाश द्यावेत. ठसका लागलाच तर मोकळेपणी खोकू द्यावे. तो खोकलाच शरीराचा पहारेकरी आहे.

माझे वडील त्यातून बचावले. पण रुग्णाची सेवा करताना नुसती माया पुरत नाही, माहितीही लागते, हे मी त्या दिवशी शिकलो.