सपाटीवरचे एव्हरेस्ट

१९९५ साली दक्षिण अमेरिकेतील अकोन्काग्वा या शिखराकडे गिर्यारोहकांची एक आगळी तुकडी निघाली. शिखराची उंची ६,९६१ मीटर. तुकडीत सतरा स्त्रिया अशा होत्या, की त्यांना पूर्वी स्तनांचा कर्करोग झालेला होता आणि उपचारांनंतर त्या पुन्हा उभ्या राहिल्या होत्या. या रोगावरील संशोधनासाठी निधी जमवणे हा त्यांच्या चढाईचा हेतू होता. त्यांच्यापैकी काही जणी अगदी माथ्यापर्यंत पोहोचल्या.

ही हकिकत ऐकली, की मनात एक प्रश्न येतो. पैसाच जमवायचा, तर त्यासाठी डोंगर कशाला चढायचा? डोंगराचा आणि स्त्रियांच्या आरोग्याचा संबंध तरी काय? या प्रश्नाचे उत्तर शोधण्यासाठी अकोन्काग्वाला जाण्याची गरज नाही. आपल्या गोंदिया जिल्ह्यातील कचारगड त्यासाठी पुरेसा आहे.

कचारगडचा हिशेब

सालेकसा तालुक्यात दरेकसा रेल्वे स्थानकापासून जवळच धनेगाव हे गाव आहे. तेथून जंगलातील वाटेने चढत गेले, की कचारगडची प्रचंड नैसर्गिक गुहा लागते. माघ पौर्णिमेच्या सुमारास येथे गोंड समाजाची मोठी यात्रा भरते. शेजारच्या राज्यांतूनही भाविक येतात. म्हाताऱ्या बाया, कडेवर मूल घेतलेल्या आया, शाळकरी मुली अशा सगळ्याच हा चढ चढतात.

समजा, ५० किलोग्रॅम वजनाची एक बाई १०० मीटर उंची चढली. तिने गुरुत्वाकर्षणाविरुद्ध केलेले कार्य ५० × ९.८ × १०० म्हणजे ४९,००० ज्यूल झाले. परंतु आपले शरीर हे काही आदर्श यंत्र नव्हे. अन्नातील ऊर्जेचा साधारण पाचवा हिस्साच चढण्याच्या कामी येतो आणि बाकीची उष्णता होऊन जाते. म्हणून प्रत्यक्षात सुमारे २,४५,००० ज्यूल ऊर्जा खर्च होते. एक लिटर प्राणवायू वापरून शरीर सुमारे २०,००० ज्यूल ऊर्जा मिळवते. तेव्हा या चढासाठी बारा लिटरांहून थोडा अधिक प्राणवायू लागेल. चढायला वीस मिनिटे लागली असे धरले, तर मिनिटाला ०.६ लिटर. स्वस्थ बसले असतानाही शरीराला मिनिटाला सुमारे ०.२ लिटर लागतोच. एकूण झाले ०.८ लिटर, म्हणजे ८०० मिलिलिटर.

हवेत प्राणवायूला तोटा नाही. अडचण आहे ती वाहतुकीची.

रक्ताची मालगाडी

दरेकशावरून जाणाऱ्या मुंबई–हावडा मार्गावर तुम्ही लांबच लांब मालगाड्या पाहिल्या असतील. गाडीचे निम्मे डबे काढून घेतले आणि माल मात्र तेवढाच पोहोचवायचा म्हटले, तर काय करावे लागेल? खेपा दुप्पट कराव्या लागतील. रक्तातील तांबड्या पेशींमध्ये हीमोग्लोबिन नावाचे लोहयुक्त प्रथिन असते. ते म्हणजे या गाडीचे डबे. एक ग्रॅम हीमोग्लोबिन सुमारे १.३४ मिलिलिटर प्राणवायू वाहून नेते.

आता चढावर दोन बायका आहेत असे समजू. पहिलीच्या १०० मिलिलिटर रक्तात १४ ग्रॅम हीमोग्लोबिन आहे, दुसरीच्या ८ ग्रॅम. पहिलीचे एक लिटर रक्त सुमारे १८८ मिलिलिटर प्राणवायू नेईल, तर दुसरीचे सुमारे १०७. त्यातला अर्धा स्नायूंना मिळतो असे धरू. ८०० मिलिलिटर पोहोचवण्यासाठी पहिलीच्या हृदयाला मिनिटाला साडेआठ लिटर रक्त ढकलावे लागेल आणि दुसरीच्या हृदयाला सुमारे पंधरा लिटर. एका ठोक्यात ७५ मिलिलिटर रक्त बाहेर पडते असे मानले, तर पहिलीचे ठोके मिनिटाला ११३ आणि दुसरीचे तब्बल १९९!

चाळिशीच्या बाईचे हृदय या गतीने चालू शकत नाही. शरीर थोडीफार तडजोड करते. रक्तातून अधिक प्राणवायू काढून घेते, ठोक्यामागे जास्त रक्त ढकलते. तरीही एक गोष्ट टळत नाही. ती बाई थांबते, दगडावर टेकते, धाप जिरली की पुन्हा चालू लागते. लोक म्हणतात, हिचे वय झाले. काही तर म्हणतात, ही पहिल्यापासूनच आळशी. यात्रा वर्षातून एकदाच असते. पण रोवणीच्या दिवसांत चिखलात वाकून काम करताना, डोक्यावर गुंड किंवा सरपणाची मोळी आणताना तिचा हा चढ रोजचाच असतो.

एव्हरेस्टवरचे रक्त

२००७ साली ब्रिटिश डॉक्टरांची एक संशोधन मोहीम एव्हरेस्टवर गेली होती. शिखरावरून उतरताना ८,४०० मीटर उंचीवर चार गिर्यारोहकांच्या मांडीतील रोहिणीतून रक्त काढण्यात आले. ते घाईने खालच्या छावणीवर नेऊन तपासले. त्या उंचीवर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या सुमारे एकतृतीयांश असतो. साहजिकच त्यांच्या हीमोग्लोबिनचा जेमतेम निम्मा भाग प्राणवायूने भरलेला होता. तरीही त्यांच्या १०० मिलिलिटर रक्तात सरासरी १४.६ मिलिलिटर प्राणवायू सापडला. कारण डोंगरावर राहून त्यांचे हीमोग्लोबिन १९ ग्रॅमांच्या वर गेले होते.

आता आपल्या दुसऱ्या बाईचा आकडा आठवा. १०० मिलिलिटरमध्ये १०.७ मिलिलिटर! एव्हरेस्टच्या माथ्याजवळच्या माणसापेक्षाही कमी प्राणवायू रक्तात घेऊन ही बाई धानाच्या बांधीत उभी असते. अर्थात दोघांची स्थिती अगदी सारखी नाही. गिर्यारोहकाच्या रक्तातील प्राणवायूचा दाबही फार कमी असतो, म्हणून त्याचा मेंदू लवकर संकटात येतो. पण गिर्यारोहक चार दिवसांत खाली उतरतो. या बाईला उतरायला जागाच नाही.

असे किती जणींचे होते? २०१९–२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १५ ते ४९ वयाच्या भारतीय स्त्रियांपैकी ५७ टक्के स्त्रियांना रक्तक्षय असल्याचे आढळले. महाराष्ट्रात हे प्रमाण ५४ टक्के होते. गर्भवती नसलेल्या स्त्रीचे हीमोग्लोबिन १२ ग्रॅमांहून कमी असेल, तर तो रक्तक्षय समजतात. सगळ्याच जणी ८ ग्रॅमांपर्यंत घसरलेल्या नसतात. पण प्रत्येक ग्रॅमागणिक मालगाडीचा एक डबा कमी होतो. मासिक पाळीत दर महिन्याला १५ ते २० मिलिग्रॅम लोह जाते. एका गरोदरपणाला सुमारे १,००० मिलिग्रॅम लोह लागते. घरात सर्वांच्या शेवटी जेवणारीच्या ताटात ते कोठून यावे? शिवाय आपल्या विदर्भात सिकल सेल हा आनुवंशिक रोगही आहे. त्यात डबे कमी पडतातच, पण त्यांचा आकारही बिघडतो.

मोजले नाही, ते दिसले नाही

डोंगर आणि रक्त यांचे नाते ज्यांनी उलगडले, त्यांत मेबल फिट्झजेराल्ड यांचे नाव महत्त्वाचे आहे. १९११ साली अमेरिकेतील पाइक्स पीक या ४,३०० मीटर उंच शिखरावर हॉल्डेन वगैरे शास्त्रज्ञ प्रयोगासाठी जाऊन राहिले. फिट्झजेराल्ड या मोहिमेतल्याच. पण त्या काळी पुरुषांबरोबर स्त्रीने माथ्यावर मुक्काम करणे शोभणारे नव्हते. त्या एकट्या कोलोरॅडोतील खाणींच्या गावोगाव फिरल्या आणि तेथील रहिवाशांचा श्वास व रक्त तपासत राहिल्या. थोडी उंची वाढली, तरी हीमोग्लोबिन वाढते, हे त्यांच्या मोजमापांतून सिद्ध झाले. ऑक्सफर्ड विद्यापीठाने त्यांना पदवी दिली ती १९७२ साली, त्यांच्या वयाच्या शंभराव्या वर्षी!

संशोधक म्हणून स्त्री जशी मागे राहिली, तशी संशोधनाचा विषय म्हणूनही. १९७७ साली अमेरिकेच्या औषध नियंत्रकांनी मूल होऊ शकेल अशा वयाच्या स्त्रियांना नव्या औषधांच्या सुरुवातीच्या चाचण्यांतून वगळावे, असे ठरवले. हा नियम १९९३ साली बदलला.

आपल्या शेजारच्या गडचिरोली जिल्ह्यात डॉ. राणी बंग आणि डॉ. अभय बंग यांनी दोन गावांतील ६५० स्त्रियांची तपासणी केली. १९८९ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात तिचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. ९२ टक्के स्त्रियांना एक तरी स्त्रीरोग होता. पूर्वी तपासणी आणि उपचार मिळाले होते ते फक्त ८ टक्क्यांना. सुमारे निम्म्या स्त्रियांची तर काही तक्रारच नव्हती. दुखणे हा बाईच्या जन्माचाच भाग, असे मानले की तक्रार कोण करणार? दोन गावांत जाऊन कोणी तरी मोजले, तेव्हा हे जगाला कळले.

मग चढाई कशासाठी?

आता पहिल्या प्रश्नाकडे वळू. १०० मीटर चढण्याचे ४९,००० ज्यूल कार्य म्हणजे विजेच्या एका युनिटचा सुमारे सत्तरावा भाग. बाजारात त्याची किंमत काही पैसेच होईल. तेव्हा निधी जमतो तो या कार्याच्या मोलाने जमत नाही. जो त्रास घराच्या चार भिंतींत दडलेला असतो, तो डोंगरावर सर्वांच्या डोळ्यांसमोर येतो, म्हणून लोक हात खिशात घालतात. त्या पैशातून तपासणीची साधने येतात, गावोगाव फिरणाऱ्या कार्यकर्त्या नेमता येतात, वर्षानुवर्षे नोंदी ठेवता येतात. संशोधन म्हणजे बहुतांशी हेच चिकाटीचे मोजमाप.

करून पाहा

शाळेच्या जिन्याची उभी उंची मोजा. स्वतःचे वजन घ्या आणि वर जायला किती सेकंद लागतात ते पाहा. ४५ किलोग्रॅमचा मुलगा ३.५ मीटर उंची १० सेकंदांत चढला, तर त्याची शक्ती सुमारे १५४ वॅट. चढण्यापूर्वी आणि चढल्याबरोबर नाडीचे ठोके मोजा. ज्यांना सिकल सेल, दमा किंवा हृदयाचा विकार आहे, त्यांनी धावू नये; त्यांनी वेळ मोजण्याचे काम करावे.

शिक्षकांना एक विनंती. एखाद्या टेकडीची सहल काढा आणि चढलेल्या दर मीटरमागे गावकऱ्यांकडून एक रुपया मिळवा. जमलेला निधी स्त्रियांच्या आरोग्यावर काम करणाऱ्या विश्वासू संस्थेला द्या. सहलीआधी प्राथमिक आरोग्य केंद्राच्या मदतीने मुलामुलींचे हीमोग्लोबिन आणि सिकल सेल तपासून घ्या. शाळेत आठवड्याला मिळणारी लोहाची निळी गोळी कडू म्हणून खिडकीबाहेर जात असेल, तर तीत काय असते ते या हिशेबावरून सांगा.

आणि विद्यार्थी मित्रांनो, आज घरी गेल्यावर आईला एवढेच विचारा, “आई, तुझे हीमोग्लोबिन किती?” बहुतेक घरांत या प्रश्नाला आकड्यात उत्तर मिळणार नाही. ते मिळवणे हे या महिन्याचे तुमचे प्रात्यक्षिक.