मुक्कामाला जागा

(लेखमाला : पायवाटेचा महाराष्ट्र – लेखांक ६)

गेल्या आठवड्यात आपण वारीच्या वाटांवरच्या सावलीचा विचार केला. रस्ते रुंद करताना वडा-लिंबाची झाडे गेली आणि दुपारचा विसावा उन्हात आला, हा तो विषय होता. आजचा प्रश्न त्यानंतरच्या तासांचा आहे. दिवसभर वीस-पंचवीस किलोमीटर चालून आलेला माणूस रात्री पाठ कुठे टेकतो? गर्दीच्या हंगामात त्याला जागा मिळते का, आणि मिळत नसेल तर नेमके काय कमी पडते? या प्रश्नाचे तयार उत्तर म्हणजे भक्तनिवास बांधा, खोल्या वाढवा, खाटा वाढवा. परळी तालुक्यातल्या धर्मापुरीसारख्या वाटेवरच्या गावाचा विचार केला तर हे उत्तर चुकीच्या जागी पैसा घालते, असे माझे म्हणणे आहे. आपल्या पायी वाटांवर टंचाई खाटेची नाही. टंचाई आहे ती एका रात्रीपुरत्या कोरड्या मोकळ्या जमिनीची, पाण्याची आणि शौचालयांची.

खाटांची टंचाई कशी असते ते पाहायचे तर स्पेनकडे पाहावे. तिथल्या सांतियागो या तीर्थाकडे जाणाऱ्या पायी वाटेवर २०२३ साली सुमारे ४ लाख ४६ हजार यात्रेकरूंची नोंद झाली, तर २०२४ साली हा आकडा जवळपास पाच लाखांवर गेला. तिथला यात्रेकरू एकटा किंवा दोघा-तिघांच्या सोबतीने निघतो, पाठीवर मोजके सामान घेतो आणि रोज संध्याकाळी वाटेवरच्या यात्रीनिवासात खाट शोधतो. गालिसिया प्रांतातल्या सरकारी यात्रीनिवासांत आगाऊ नोंदणी चालत नाही. जो आधी पोहोचेल त्याला खाट. शेवटचे शंभर किलोमीटर पायी चाललेल्यालाही प्रमाणपत्र मिळते, म्हणून त्या अंतराच्या जरा अलीकडचे सारिया हे गाव मोठ्या संख्येने लोकांच्या यात्रेचा आरंभ बनले आहे आणि तिथून पुढे गर्दी एकदम दाटते. परिणामी खाट हुकू नये म्हणून लोक अंधारातच उठून चालू लागतात. तिथे मोजमापाचे एकक खाट हे आहे, कारण यात्रेकरू एकटा आहे आणि त्याचे छप्पर वाटेवर आधीपासून उभे आहे.

वारीत याच्या उलट आहे. वारकऱ्याचे छप्पर त्याच्याबरोबर चालते. वारकरी दिंडीत असतो; दिंडीला प्रमुख असतो, विणेकरी असतो, स्वयंपाकाची माणसे असतात आणि सामानाचा ट्रक असतो. सकाळी वळकट्या ट्रकमध्ये चढतात, ट्रक पुढच्या मुक्कामी जातो आणि पायी माणसे पोहोचेपर्यंत राहुट्या ठोकून, चुली पेटवून तयार असतात. ज्ञानेश्वर माउलींच्या पालखीला शिस्तबद्ध सोहळ्याचे रूप हैबतबाबा आरफळकरांनी दिले. त्या सोहळ्यात दिंड्यांना क्रमांक आहेत आणि तळावर प्रत्येकीची जागा ठरलेली आहे. रात्रीच्या समाजआरतीला चोपदार दंड उंचावतो, लाखांचा जमाव शांत होतो आणि दिंड्यांच्या अडचणी, हरवल्या-सापडल्याच्या गोष्टी तिथेच मांडल्या जातात. म्हणजे निवाऱ्याचा प्रश्न इथे व्यक्तीने सोडवायचा नसतो, दिंडीने सोडवायचा असतो. लाखो माणसे खाटांची आगाऊ नोंदणी न करता अडीचशे किलोमीटर चालत जातात आणि रोज रात्री कुठेतरी निजतात, याचे कारण ही व्यवस्था आहे. गावाकडून तिला एकच गोष्ट लागते, ती म्हणजे तळ.

याचा पुरावा खुद्द पंढरपुरात आहे. २०११च्या जनगणनेत या नगराची लोकसंख्या एक लाखाच्या आत होती. आषाढीला तिथे त्याच्या कितीतरी पट माणसे येतात. मठ, धर्मशाळा, होळकर वाड्यासारखे जुने वाडे आणि घरोघरच्या खोल्या धरल्या तरी एवढी माणसे छपराखाली मावणे शक्यच नाही. पूर्वी ती चंद्रभागेच्या वाळवंटात राहुट्या टाकत. त्या गर्दीतून होणारी घाण आणि ती माणसांच्या हातांनी उचलण्याची अमानुष प्रथा यांविरुद्धचा वाद मुंबई उच्च न्यायालयात गेला, वाळवंटातल्या मुक्कामावर निर्बंध आले, आणि त्यानंतर नदीच्या पैलतीरावरची ६५ एकर जमीन वारकऱ्यांसाठी तयार झाली. तिथे काय केले गेले? भूखंड आखले, नळ आणले, दिवे लावले, शौचालये उभी केली. खोल्या बांधल्या नाहीत. गर्दीच्या सर्वांत मोठ्या ठिकाणी सापडलेले हे उत्तर वाटेवरच्या गावांपर्यंत मात्र पोहोचलेले नाही.

आता बीड जिल्ह्याकडे येऊ. आषाढीच्या वाटांच्या चर्चेत पुणे, सातारा आणि सोलापूर हेच जिल्हे येतात. पण बीड हा पालख्यांच्या येण्याजाण्याचा मोठा जिल्हा आहे. पैठणहून निघालेली एकनाथ महाराजांची पालखी जिल्ह्याच्या पश्चिमेकडून पाटोद्यावरून खर्ड्याकडे उतरते. मुक्ताईनगरची मुक्ताबाईंची पालखी गेवराई-बीडवरून जाते. शेगावची गजानन महाराजांची पालखी, जी १९६८पासून पायी पंढरीला जाते आहे, ती परभणी, गंगाखेड करत परळी वैजनाथला येते आणि अंबाजोगाईवरून कळंबकडे निघते. सातशेच्या आसपास वारकरी, सातशेहून अधिक किलोमीटर आणि सुमारे महिनाभराची चाल असा तिचा आवाका आहे. या पालख्यांचे मुक्काम छापील असतात, म्हणून प्रशासनाला आणि गावांना ते आधी कळतात. पण या मोठ्या पालख्यांखेरीज गावोगावच्या छोट्या दिंड्या असतात. पन्नास, शंभर, दीडशे माणसांच्या. त्या कोणत्याही छापील यादीत नसतात. शिवाय आषाढीपुरतीच ही चाल नाही. परळीच्या वैद्यनाथाला महाशिवरात्रीला आणि श्रावणी सोमवारी लोक येतात, अंबाजोगाईच्या योगेश्वरीला नवरात्रात येतात आणि कार्तिकात मन्मथस्वामींच्या कपिलधारला मराठवाडाभरातून पायी निघतात.

धर्मापुरी या जाळ्यात कुठे बसते? परळीपासून एका दिवसाच्या चालीवर, लातूर जिल्ह्याच्या हद्दीजवळ. अहमदपूर ते परळी हे अंतर पायी एका दिवसात होत नाही. मध्ये रात्र काढावीच लागते, आणि ती रात्र या पट्ट्यातल्या गावांत पडते. गावाला उत्तर चालुक्य काळातले केदारेश्वराचे देखणे मंदिर आहे, जुना किल्ला आहे. नकाशावर धर्मापुरीची ओळख या शिल्पांमुळे आहे. पालखीचे मुक्कामस्थान म्हणून ती मोठ्या यादीत नाही. म्हणूनच हे गाव उदाहरण म्हणून घेतले. मोठ्या मुक्कामांची सोय होईल, कारण तिथे सगळ्यांचे लक्ष असते. वाटेच्या व्यवस्थेची खरी कसोटी यादीबाहेरच्या गावात लागते. आणि इथे एक खबरदारीही हवी. देऊळ दिसले की दिंडी त्याच्या आवारात उतरते, हा जुना रिवाज आहे. पण नऊशे वर्षांच्या दगडी शिल्पांजवळ चुली पेटवणे आणि खांबांना दोर बांधणे हे त्या वारशाला परवडणारे नाही. गावात दुसरी जागा असेल तरच देवळाचे आवार वाचेल.

मग एका रात्रीला किती लागते, हे मोजू. आपत्तीतल्या छावण्यांसाठी जगभर मानली जाणारी किमान प्रमाणे आहेत : माणशी साडेतीन चौरस मीटर आच्छादित जागा, दिवसाला १५ लिटर पाणी आणि थोड्या दिवसांच्या मुक्कामाला पन्नास माणसांमागे एक शौचालय. दीडशे माणसांच्या दिंडीला या हिशेबाने सव्वापाच गुंठ्यांच्या आसपास जागा, सव्वादोन हजार लिटर पाणी आणि तीन शौचालये लागतात. सातशेंच्या पालखीला निजायला चोवीस-पंचवीस गुंठे, साडेदहा हजार लिटर पाणी म्हणजे एक मोठा टँकर, आणि चौदा शौचालये. ट्रक, चुली आणि कीर्तनाचा मंडप धरून जागा तिपटीने वाढवली तरी दोन एकरांच्या आतच भागते. ही प्रमाणे किमान आहेत आणि शौचालये त्याहून जास्त असलेली बरी. तरीही आकडे पाहिले की एक गोष्ट स्पष्ट होते : हा कोणत्याही मध्यम गावाच्या आवाक्यातला हिशेब आहे, जर ती दोन एकर जमीन त्या रात्री मोकळी आणि कोरडी असेल.

अडचण नेमकी तिथे आहे. ज्येष्ठ-आषाढ हा मराठवाड्यात पेरणीचा काळ. उन्हाळ्यात कोणाच्याही शेतात पाल पडू शकते. पण सोयाबीन, कापूस पेरला की शेतकरी बांधावरसुद्धा कोणाला उतरू देऊ शकत नाही, आणि त्यात त्याचा दोष नाही. काळ्या जमिनीवर एक सर पडली की राहुटीची खुंटी धरत नाही आणि पथारी चिखलात जाते. म्हणजे वारीची गर्दी वाढते त्याच पंधरवड्यांत उतरण्याजोगी जमीन आक्रसते. महाशिवरात्रीला उलटे होते. तेव्हा जमीन कोरडी असते, पण विहिरींचे पाणी खाली गेलेले असते. पहिल्या हंगामात जागा तुटते, दुसऱ्यात पाणी. खाट मात्र दोन्हींत कोणी मागत नाही. यावर उपाय गावाकडेच आहे : गायरान. गायरान बहुधा माळावर असते, मुरमाड असते, पाणी धरून ठेवत नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०११मध्ये जगपाल सिंग खटल्यात गावांच्या सामाईक जमिनी अतिक्रमणांपासून सोडवण्याचे निर्देश राज्यांना दिले आणि त्याच वर्षी जुलैत महाराष्ट्र शासनाने त्याबाबत निर्णय काढला. तरी गायराने आक्रसत आहेत. गुरांच्या चाऱ्याचे नुकसान आपण मोजतो. वाटसरूच्या मुक्कामाची जागा गेली, हे कोणी मोजत नाही.

या मांडणीवर आक्षेप येतील. पहिला असा की म्हातारी माणसे आणि बायाबापड्यांना उघड्यावर निजवायचे का? आक्षेप रास्त आहे. आजारी, वृद्ध आणि लेकुरवाळ्यांसाठी छप्पर हवेच, आणि ते शाळेच्या रूपाने गावात आहे. शाळा जूनमध्ये सुरू झालेली असते हे खरे. पण दिंडी संध्याकाळी येते आणि पहाटे निघते, त्यामुळे दोन-तीन वर्गखोल्या रात्रीपुरत्या देता येतात, सकाळी स्वच्छ करून परत मिळण्याची हमी दिंडीप्रमुखाने द्यावी. स्त्रियांच्या अडचणीचे मूळ तर खाटेत नाहीच. ते आडोशाच्या न्हाणीत, उजेडात आणि जवळच्या शौचालयात आहे. वारीत फिरत्या शौचालयांची मोहीम गेल्या दशकात मोठ्या पालख्यांच्या मार्गावर उभी राहिली, ती याच जाणिवेतून. यादीबाहेरच्या वाटांवर ती आणणे हे आता उरलेले काम आहे.

दुसरा आक्षेप रोजगाराचा. भक्तनिवास झाले तर गावात पैसा येईल, असे म्हटले जाते. परळी, अंबाजोगाई ही बारमाही तीर्थे आहेत, तिथे हे खरे आहे. वाटेवरच्या गावात मात्र गर्दी वर्षातल्या मोजक्या रात्रींची. सातशे खाटांची इमारत उरलेल्या रात्री रिकामी राहील. तिचे वीजबिल, डागडुजी आणि राखण यांचा भार ग्रामपंचायतीवर पडेल. त्याच पैशात मुरूम टाकलेले मैदान, पाण्याची टाकी, नळांची रांग आणि पक्की शौचालये होतात, आणि ती उरलेल्या दिवसांत आठवडी बाजाराला, शाळेच्या खेळांना, लग्नकार्याला उपयोगी पडतात.

तिसरा आक्षेप सर्वांत मनाला भिडणारा आहे : गावकरी सोय करतातच, पिढ्यान्‌पिढ्या करत आले आहेत, सरकारी व्यवस्थेची गरज काय? मराठवाड्यातल्या गावांनी स्वतः दुष्काळ सोसून दिंड्यांच्या पंगती उठवल्या आहेत, त्यांच्या पुण्याईला तोड नाही. पण अन्नदान आणि निवारा यांत फरक आहे. अन्न कितीही घरांतून गोळा करता येते. ओसरी मात्र कोणाची तरी असते. ती कोणासाठी खुली आहे हा प्रश्न आपल्या समाजात साधा नव्हता. विठ्ठलाच्या देवळाचा दरवाजा सर्वांना उघडावा म्हणून साने गुरुजींना मे १९४७मध्ये उपोषण करावे लागले, हे विसरून चालणार नाही. गावाच्या सामाईक मैदानावर उतरणाऱ्याला कोणाची ओसरी मागावी लागत नाही. सार्वजनिक जागेचे मोल इथे आहे. शिवाय २०२४ साली राज्य सरकारने दिंड्यांना प्रत्येकी वीस हजार रुपयांची मदत जाहीर केली, ती स्वागतार्हच होती; पण दिंडीच्या हाती पैसा आला तरी पेरलेल्या रानांत तिला तळ विकत मिळत नाही. जमीन राखणे हे गावाचेच काम आहे.

आणि हे काम अवघड नाही, कारण ही गर्दी अवचित येत नाही. आषाढी एकादशी २०२५ साली ६ जुलैला होती. २०२६ साली अधिक ज्येष्ठामुळे ती २५ जुलैला येते. पंचांग वर्षभर आधी हाती असते. एकादशीपासून मागे मोजत गेले तर कोणत्या गावात कोणत्या रात्री किती दिंड्या पडतील, हे तालुक्याच्या पातळीवर एका वहीत लिहिता येते. दिंडीप्रमुखांनी माणसांची संख्या, वाट आणि मुक्काम एक महिना आधी तहसीलदारांना कळवावेत. तहसीलने तो तक्ता गावांना द्यावा. गावाने जागा, टँकर आणि शाळेच्या किल्ल्या कोणाकडे असतील त्यांची नावे ठरवावीत. एवढ्याने निम्मा प्रश्न सुटतो.

उरलेला निम्मा ग्रामसभेचा आहे. धर्मापुरीने आणि तिच्यासारख्या वाटेवरच्या प्रत्येक गावाने येत्या ग्रामसभेत एक ठराव करावा : गावच्या सामाईक जमिनीतले दोन एकर मुक्कामाचा तळ म्हणून राखून ठेवले आहेत, त्यावर बांधकाम होणार नाही, अतिक्रमण होऊ दिले जाणार नाही, तिथे पाणी आणि शौचालये असतील. ठरावाला कागद लागतो आणि मनाची तयारी लागते. जमीन एकदा गेली की ती परत मिळवणे फार कठीण, म्हणून हा ठराव पुढच्या वारीच्या आधी व्हावा.