ब्रिटनमधले जोशी : एक आडनाव, अनेक गावं

(पुण्यात झालेल्या जाहीर व्याख्यानाचं शब्दांकन)

सुरुवातीला एक विनंती. सभागृहात जे जोशी असतील त्यांनी जरा हात वर करावा. ...नऊ, दहा, अकरा. मागे अजून दोघं. बरं, आता या तेरा जणांत एकमेकांचे नातेवाईक किती? (हशा) म्हणजे हे दोघं बापलेक सोडले तर कोणीच नाही. पुण्यात याचं कोणाला नवल वाटत नाही. ‘कोण जोशी?’ हा आपल्याकडे पहिलाच प्रश्न असतो. कुठले, कोणत्या गोत्राचे, कोणत्या वाड्यातले, हे विचारल्याशिवाय आपण पुढे जात नाही. आजचा विषय असा, की हा प्रश्न न विचारता हे आडनाव जेव्हा सातासमुद्रापार जातं, तेव्हा त्याचं काय होतं.

हा विषय माझ्या डोक्यात आला तो एका पत्रकामुळे. माझी भाची ब्रिटनमध्ये असते, जोश्यांकडे दिलेली. तिचे सासरे सदाशिव पेठेत वाढलेले, आता मुलाकडे राहतात. त्यांना तिथल्या आरोग्य विभागाकडून आतड्याच्या कर्करोगाच्या तपासणीचं पत्रक आलं, चक्क गुजरातीत. लिपी त्यांनी ओळखली, मजकूर कळला नाही. आपलं नसेल म्हणून ते खणात टाकलं आणि चार महिने ते तिथेच पडलं. भाचीनं साफसफाई करताना बघितलं म्हणून पुढची तपासणी झाली. सगळं ठीक निघालं. पण मला प्रश्न पडला, की जोशी म्हणजे गुजराती हे ठरवलं कोणी? आणि खरं सांगू का, शोध घेतला तेव्हा लक्षात आलं की ठरवणारा अगदीच चुकला नव्हता.

आधी शब्द बघू. संस्कृतात ज्योतिषी, प्राकृतात जोइसी, आणि तिथून जोशी. हे कामाचं नाव आहे. गावाला पंचांग सांगायचं, तिथी-वार सांगायचे, लग्नमुंजीचे मुहूर्त काढायचे, त्याबद्दल गावाकडून ठरावीक हक्क घ्यायचे. हा ग्रामजोशी. जुन्या कागदांत ‘जोतिष व कुळकर्ण’ अशी जोडी वारंवार भेटते, कारण दोन्ही वतनं पुष्कळदा एकाच घरात असत. वतन वंशपरंपरेचं, म्हणून कामाचं नाव घराला चिकटलं.

आता गंमत अशी, की पंचांग सांगणारा माणूस काही फक्त महाराष्ट्रात लागत नव्हता. गुजरातेत लागत होता, राजस्थानात, पंजाबात, कुमाऊंच्या डोंगरात, काठमांडूच्या खोऱ्यात लागत होता. त्यामुळे हे नाव एका ठिकाणी जन्मून पसरलं असं झालेलं नाही. ते अनेक ठिकाणी स्वतंत्रपणे उगवलं. इंग्रजांच्या ‘स्मिथ’सारखं. प्रत्येक गावाला लोहार हवाच, म्हणून गावोगाव स्मिथ. उमाशंकर जोशी गुजराती कवी. कम्युनिस्ट पक्षाचे सरचिटणीस पूरणचंद जोशी अल्मोड्याचे. सत्यमोहन जोशी नेपाळचे, पाटणचे नेवार विद्वान. आपले भीमसेनजी गदगकडचे, घरात कन्नड. आणि शरद जोशी म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर आंबेठाण आणि शेतकरी संघटना येते. हिंदी वाचकाच्या डोळ्यांसमोर उज्जैनमध्ये जन्मलेले व्यंग्यकार शरद जोशी येतात. नाव आणि आडनाव दोन्ही तेच, माणसं दोन, भाषा दोन.

जात तरी एक आहे का? तीही नाही. महाराष्ट्रात देशस्थ जोशी आहेत, चित्पावन जोशी आहेत, चित्पावनांच्या चौदा गोत्रांपैकी अनेक गोत्रांत जोशी आहेत. पण त्याच महाराष्ट्रात कुडमुडे जोशी आहेत. हातात कुडमुडं घेऊन दारोदार भविष्य सांगणारी ही भटकी जमात, सरकारी यादीत भटक्या जमातींमध्ये आहे. राजस्थानात भिलवाडा-शाहपुराकडे पाबूजीच्या फडी रंगवणारं चित्रकारांचं घराणं जोशीच, श्रीलाल जोशी त्यातले. ते मूळचे छिपा, कापड छापणारे. तेव्हा जोशी म्हणजे ब्राह्मण असं समजून कोणी यादी करायला बसला, तर ती यादी पहिल्याच पानावर चुकते. उलट बाजूही आहे. कर्नाटकात हाच शब्द ‘जोइस’ होतो. योगाचे पट्टाभि जोइस जगभर माहीत आहेत. शब्द तोच, पण रोमन अक्षरांत लिहिला की जोशींच्या यादीत तो सापडायचाच नाही.

पुण्याच्या इतिहासातली दोन उदाहरणं मला इथे फार मोलाची वाटतात. पहिल्या बाजीरावाची बायको काशीबाई. तिचे वडील महादजी कृष्ण जोशी. पण आपण त्यांना जोशी म्हणतो का? आपण ‘चासकर’ म्हणतो, कारण ते खेडजवळच्या चासचे सावकार. दुसरं, बाजीरावाची बहीण भिऊबाई. ती दिली होती आबाजी नाईकांना. बाबूजी नाईकांचं हे घराणं, आडनाव जोशी, ओळख ‘बारामतीकर’. पेशव्यांचे दोन व्याही, दोघे जोशी, दोघे सावकार, पंचांगाशी दोघांचा संबंध नाही. म्हणजे अठराव्या शतकातच हे आडनाव कामापासून सुटलं होतं, आणि नुसतं ‘जोशी’ म्हणून भागत नाही हे लोकांना कळलं होतं. म्हणून त्यांनी काय केलं? गावाचं नाव जोडलं.

हे ‘कर’ लावण्याचं तंत्र नीट बघा. पुण्यात राहणाऱ्याला कोणी पुणेकर आडनाव देत नाही. तो पुणं सोडून गेला की पुणेकर होतो. कन्नड लेखक शंकर मोकाशी पुणेकर धारवाडचे होते. गाव सुटलं की गाव नावात येतं. पूर्वीच्या स्थलांतरात ही सोय होती. माणूस हलला की नावही थोडं हललं, आणि त्या हललेल्या नावातून माग काढता यायचा.

मग ही सोय बंद पडली. शाळेचा दाखला, विद्यापीठाची पदवी, पुढे पासपोर्ट यांनी आडनाव गोठवलं. वडिलांचं आडनाव तेच मुलाचं, अक्षर इकडचं तिकडे नाही. त्यामुळे चासला गेलेला जोशी चासकर झाला, पण लंडनला गेलेला जोशी लंडनकर झाला नाही. तो जोशीच राहिला, आणि बाकीच्या सगळ्या जोशींच्या ढिगात जाऊन पडला.

अक्षरही तेव्हा नवं नवं होतं बरं का. आनंदीबाईंचंच घ्या. १८८६ साली फिलाडेल्फियाहून डॉक्टर झाल्या, पुढच्याच वर्षी पुण्यात गेल्या. त्यांची रक्षा न्यूयॉर्क राज्यातल्या पकीप्सीला कार्पेंटरबाईंच्या कुटुंबाच्या दफनभूमीत आहे. तिथल्या दगडावर जोशी हे नाव शेवटी आय नाही, दोन ई घालून कोरलंय. आणि आनंदीबाई माहेरच्याही जोशीच! कल्याणच्या जोश्यांची यमुना, संगमनेरच्या गोपाळराव जोश्यांना दिली. आपल्याला यात काही वावगं दिसत नाही, दोन वेगळी घराणी. पण परदेशी कारकुनाला विचारा, तो म्हणेल बाईंनी लग्नात आडनाव बदललंच नाही.

आता ब्रिटनमध्ये येऊ. तिथले जोशी एका बोटीतून उतरलेले नाहीत. मोठी लाट आली ती आफ्रिकेतून. गुजराती माणसं केनिया, युगांडा, टांझानियात पिढ्यान् पिढ्या होती. आपण त्यात फक्त पटेल आणि शाह बघतो, पण दुकानं आली की शाळा येते, देऊळ येतं, हिशोबाचं काम येतं, आणि त्याबरोबर जोशी, पंड्या, भट्टही आले. ४ ऑगस्ट १९७२ ला इदी अमीननं युगांडातल्या आशियाई लोकांना ९० दिवसांत देश सोडायला सांगितलं. सुमारे २८ हजार माणसं ब्रिटनमध्ये उतरली. लेस्टरच्या नगरपालिकेनं तर युगांडातल्या वर्तमानपत्रात जाहिरात दिली होती, की आमच्याकडे जागा नाही, येऊ नका. लोक गेलेच. आज लेस्टरच्या बेलग्रेव्ह रोडवर दिवाळीचे दिवे लागतात ते त्यामुळे. लेस्टर, आणि लंडनच्या ब्रेंट-हॅरोकडे जे जोशी दाट दिसतात त्यांच्यामागे ही वाट आहे. पंजाबी जोशींची वाट निराळी. ती साउथॉल, बर्मिंगहॅम, वुल्व्हरहॅम्प्टनच्या कारखान्यांची.

आणि आपली? मराठी माणूस तिथे बराच आधीपासून आहे. लंडनचं महाराष्ट्र मंडळ १९३२ सालचं. पण एका गल्लीत, एका शहरात दाटी करून राहायचं असं आपलं झालं नाही. साठ-सत्तरच्या दशकांत भारतातून डॉक्टर गेले, त्यांत मराठीही. त्यांना कामं कुठे मिळाली, तर जिथे इंग्रज डॉक्टर जायला तयार नव्हते तिथे. वेल्सच्या खाणगावांत, उत्तर इंग्लंडच्या गिरण्यांच्या गावांत. त्या गावात एकच जोशी, तो डॉक्टर. नंतर संगणकवाले गेले, हिंजवडीतून थेट, कंपनी नेईल तिथे. म्हणून नकाशावर गुजराती जोशी गठ्ठ्यानं दिसतो आणि मराठी जोशी शिंपडल्यासारखा. नकाशा काढणाऱ्याला गठ्ठा दिसतो. शिंतोडे दिसत नाहीत.

आता त्या पत्रकाकडे परत. ब्रिटनच्या जनगणनेत वांशिक गटाचा प्रश्न आला १९९१ साली. मृत्यूच्या दाखल्यावर तेव्हा जन्मस्थान असायचं, वंश नसायचा. मग भारतीय लोकांत हृदयविकार जास्त का, मधुमेह किती, हे शोधायचं कसं? जन्मस्थानावरून पहिली पिढी कळते, इंग्लंडात जन्मलेली दुसरी कळत नाही. म्हणून संशोधकांनी नावं धरली. ब्रॅडफर्डमध्ये ‘नाम पहचान’ नावाचा संगणक कार्यक्रम तयार झाला. नाव द्या, तो सांगतो दक्षिण आशियाई आहे का, धर्म कोणता, भाषा कोणती असावी. पुढे लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये ‘ओनोमॅप’ झाला. हेतू चांगला, आणि त्यातून कामाची माहिती मिळालीही. पण नावावरून भाषा ठरवायची तर शेवटी पैज लावावी लागते, आणि पैज बहुमतावर लागते. २०२१ च्या जनगणनेत इंग्लंड-वेल्समध्ये मुख्य भाषा पंजाबी सांगणारे २ लाख ९१ हजार, गुजराती १ लाख ८९ हजार. या गर्दीत जोशी दिसला तर पंजाबी किंवा गुजराती म्हणावं, हा अंदाज सरासरीनं बरोबरच निघणार. आमच्या सासऱ्यांच्या बाबतीत कोणी नेमकं काय वापरलं ते मी विचारलं नाही, पण अशाच एखाद्या अंदाजानं त्यांना गुजराती केलं असावं. मी त्याला द्वेष म्हणणार नाही. पण सरासरीत न बसणाऱ्या माणसाचं पत्रक खणात जातं, हेही खरं.

यावर उपाय? पहिला आपल्याच हातात आहे, मधलं नाव. मराठी आणि गुजराती दोघेही मध्ये वडिलांचं नाव लावतात, आणि तिथे फरक कळतो. जयंतीलाल, कांतिलाल मध्ये असलं की वाट गुजरातकडे जाते. श्रीपाद, दत्तात्रय, पांडुरंग असलं की इकडे. दुर्दैवानं तिथले फॉर्म मधलं नाव ऐच्छिक मानतात आणि नवी पिढी ते गाळते. तिसऱ्या पिढीत माया जोशी आणि रोहन जोशी. आता ओळखा पाहू! दुसरा उपाय साधा, भाषा कोणती ते माणसाला विचारायचं. भाचीनं सासऱ्यांच्या दवाखान्यात जाऊन तेच केलं, नोंदीत ‘मराठी’ लिहून घेतलं. पुढचं पत्रक इंग्रजीत आलं. मराठीत छापलेलंच नव्हतं.

वेळ झाली आहे. एक-दोन प्रश्न घेऊ.

(श्रोता : पाटील आणि पटेल यांचंही असंच होतं का?)

छान प्रश्न. दोन्ही एकच. जुन्या लेखांत ‘पट्टकिल’ असा शब्द येतो, गावचा मुख्य. त्याचं इकडे पाटील झालं, तिकडे पटेल. गंमत म्हणजे कंपनी सरकारचे साहेब आपल्या पाटलांनाही कधी पोटेल, कधी पटेल लिहायचे. तेव्हा तसंच गोठलं असतं, तर आज ब्रिटनमध्ये कोल्हापूरचा पाटील आणि चरोतरचा पटेल वेगळे काढता आले नसते. एका स्वरानं वाचवलं. जोश्यांना तेवढंही मिळालं नाही.

(श्रोता : नातवाला घराण्याची माहिती द्यायची आहे. काय लिहून द्यावं?)

गोत्र आणि कुलदैवत द्याच. पण त्याआधी मूळ गावाचं नाव लिहा, तालुक्यासकट. आणि देवनागरीबरोबर रोमन अक्षरांतही लिहा, म्हणजे त्याला नकाशावर टाइप करता येईल.